दोरीवरून उतरलेला चिमटा

तुळशीबागेत लाकडी चिमटे आता बादल्या, दोऱ्या आणि झाडू विकणाऱ्यांकडे सहसा दिसत नाहीत. ते दिसतात लेस, कुंदन, टिकल्या आणि लोकरीच्या गुंड्यांच्या शेजारी. काही बोटाच्या पेराएवढे चिमुकले, लाल-हिरवे रंगवलेले, काही कोरे, पाकिटात बांधलेले. घेणाऱ्यांत कपडे वाळत घालणारं कुणी नसतं. आईचा हात धरून आलेली शाळकरी मुलं असतात, लग्नघरातल्या बायका असतात, नाहीतर होस्टेलच्या भिंतीवर सुतळी बांधून फोटो लटकवणाऱ्या मुली. पुण्यात लाकडी चिमट्याने दोरी सोडली आणि तो शोभेच्या कामाला लागला. गेल्या पन्नास-साठ वर्षांत हे कसं झालं, ते पाहण्यासारखं आहे.

पेठांतल्या वाड्यांना चिमट्याची गरजच नव्हती. कपडे वाळायचे ते वलणीवर. छताला आडवा टांगलेला बांबू, त्यावर काठीने चढवलेलं लुगडं, धोतर, आणि कुणाचा हात लागू नये म्हणून सगळ्यांत उंच सोवळ्याचं. नऊ वार ओलं कापड आपल्या वजनानेच जागेवर राहतं, आणि वाड्याच्या आतल्या चौकात वारा तरी किती शिरणार? १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे कोसळले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत शहर कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीकडे पसरत गेलं. ब्लॉक आले, ब्लॉकला गॅलरी आली, गॅलरीत नायलॉनची दोरी आली. लुगड्याची जागा पाचवारीने आणि मग सलवार-कमीजने घेतली. तिसऱ्या मजल्यावरून उडालेला शर्ट आणायला जिने उतरावे लागू लागले, तेव्हा चिमटा घरात आला.

पण लाकडी चिमट्याचं आणि इथल्या पावसाळ्याचं जमलं नाही. चार महिने दोरीवर राहिलेलं लाकूड काळं पडतं, बुरशी धरतं. आतली तार गंजते आणि पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर तांबूस डाग सोडते, तो काही केल्या जात नाही. प्लॅस्टिकचे चिमटे आले तसे घरोघरी तेच झाले. उन्हाने ठिसूळ होऊन ते मोडतात, पण डाग पाडत नाहीत. लाकडी चिमटे डब्याच्या तळाशी गेले, आणि तिथून मुलांच्या हाती लागले.

हा स्प्रिंगचा चिमटा मुळात अमेरिकेतला. व्हरमाँट राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या डेव्हिड स्मिथने १८५३ मध्ये दोन लाकडी पट्ट्या स्प्रिंगने जोडण्याचं पेटंट घेतलं. १८८७ मध्ये सोलन मूरने तारेचं वेटोळं घालून त्याला आजचं रूप दिलं. १८५२ ते १८८७ या काळात एकट्या चिमट्यांसाठी तिथे १४६ पेटंटं दिली गेली, यावरून त्या काळच्या घरकामात त्याची केवढी निकड होती ते कळतं. त्याआधीचे चिमटे म्हणजे मधे फट पाडलेला लाकडाचा एकच तुकडा. त्याच्या गोल डोक्यावर डोळे काढून, चिंधीचा झगा घालून बाहुल्या करायची रीत युरोप-अमेरिकेत जुनी आहे. म्हणजे चिमट्यातून दुसरं काही घडवायचा मोह कुणा एका देशाचा नाही. फिलाडेल्फिया शहरात क्लास ओल्डेनबर्ग या शिल्पकाराने १९७६ मध्ये ४५ फूट उंचीचा पोलादी चिमटाच उभा केला.

आपल्याकडे मात्र या मोहाला आधीपासून एक घर होतं: रुखवत. नवरीकडच्या बायकांनी वरपक्षासाठी मांडायचं हे रुखवत फराळापुरतं कधीच नव्हतं. चिरोट्यांच्या आणि लाडवांच्या राशींशेजारी सुपारीचे भटजी-भटजीण, नाक-डोळे काढलेल्या नारळांचे नवरा-नवरी, मण्यांची तोरणं, लोकरीचे रुमाल, काडेपेट्यांचा सोफासेट. बैलगाडी, रहाटाची विहीर आणि तुळशीवृंदावन तर हवंच. मुलीच्या हाताला काय काय येतं हे चारचौघांना दाखवायची ती जागा होती, आणि त्यातली परीक्षा मुलींनाच द्यावी लागायची, हेही खरं. पण त्याच निमित्ताने आत्या, मावश्या, शेजारणी महिनाभर दुपारी एकत्र बसत आणि एकीचा हात दुसरीला मिळत असे. पुण्यात याला शिकवणीचीही जोड होती. १९०९ पासून रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात शिवण, भरतकाम आणि हस्तव्यवसाय शिकलेल्या बायकांच्या पिढ्या इथे घडल्या. त्यांच्यासाठी हातकाम म्हणजे वेळ घालवणं नव्हतं, चार पैशांची सोय होती.

रुखवतातल्या बैलगाडीला हव्या असतात एकसारख्या लाकडी पट्ट्या. आधी ती गरज काडेपेटीतल्या काड्यांनी भागवली, मग आइस्क्रीमच्या काड्यांनी, आणि मग चिमट्याने. चिमट्याने एक नवी गोष्ट आणली. आइस्क्रीमची काडी सपाट असते, तिला स्वतःचा आकार नाही. चिमट्याची पट्टी एका टोकाला निमुळती, मधे खाच, पुढे अर्धगोल खोबण, जणू सुताराने खुर्चीच्या पायासाठी घडवून ठेवलेली. म्हणून चिमट्यातून आरामखुर्ची आणि बंगई इतकी चांगली होते. कोरीवकाम न येणाऱ्या हाताला कोरलेलं लाकूड मिळतं.

याचं काम कसं चालतं ते सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथेच आहे. चिमटा हातात धरून दोन्ही पट्ट्या एकमेकींना आडव्या फिरवल्या की तार निसटते, हत्यार लागत नाही. मग पट्ट्यांच्या सपाट पाठी एकमेकींना चिकटवायच्या. पूर्वी सुतार सरस उकळून लाकूड जोडायचे, तो वास आणि तो खटाटोप घरात कोण करणार? १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आला आणि लाकूड जोडणं स्वयंपाकघराच्या ओट्यावर करता येऊ लागलं. पण फेविकॉल सुकेपर्यंत जोड दाबून धरावा लागतो, आणि दाबून धरायला चिमट्याइतकं सोयीचं काही नाही. म्हणजे निम्मे चिमटे सोडवायचे आणि निम्मे तसेच ठेवून त्यांना राबवायचं. आठ चिमट्यांच्या सोळा पट्ट्या, म्हणजे आठ जोड, निमुळती टोकं आत करून गोल मांडले की चांदणी होते. पट्ट्या अर्ध्या कापून जुन्या बांगडीत आऱ्यांसारख्या बसवल्या की गाडीचं चाक. रिकाम्या डब्याच्या कडेला अख्खे चिमटे उभे टोचत गेलं की कुंडी, आणि तिला गोंदाचा थेंबही लागत नाही. ग्लू गनने काम पटकन उरकतं, पण खिडकीतल्या उन्हात तो गोंद मऊ पडतो आणि एप्रिलमध्ये बंगईचा पाय निखळतो. एक रात्र थांबायची तयारी असेल तर फेविकॉलच बरा.

शाळांमध्ये ही कामं शिरली ती कार्यानुभवाच्या तासाला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणात कामाच्या अनुभवाला जागा मागितली. आयोगाला अपेक्षित होतं खरं उत्पादक काम: शेतात, कर्मशाळेत, घरात. प्रत्यक्षात अनेक शाळांत त्याची ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तू झाली, उद्या सकाळी जमा करायची. ती रात्री अकराला आई करत बसायची आणि मूल झोपलेलं असायचं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. चूक आयांची नाही. वस्तूला मार्क होते, करण्याला नव्हते.

याच शहरात याच्या अगदी उलट काम एका माणसाने करून दाखवलं. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनीअर, पुण्यात टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादकडच्या खेड्यांतल्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथल्या बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली: तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही, चार काड्यांचा चौकोन कलतो. पुढे २००३ ते २०१४ ते पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तिथल्या पुलस्त्य इमारतीत पुण्यातल्या शाळांची मुलं येत आणि कचऱ्यातून खेळणी करून नेत. २०१८ मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली. मुलाने खेळणं मोडून आत काय आहे ते पाहावं, हा त्यांचा आग्रह. चिमट्याला हा आग्रह तंतोतंत लागू पडतो. घरात अशा थोड्याच वस्तू उरल्यात, ज्या मुलाला हाताने उघडता येतात, ज्यांच्यात टेकू, दांडा आणि ताण हे तिन्ही डोळ्यांना दिसतात, आणि ज्या परत जोडताही येतात.

२३ मार्च २०१८ ला राज्याने प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर आणि थर्माकोलवर बंदी आणली. त्याच वर्षी गणपतीच्या थर्माकोल मखरांना सूट द्यायला उच्च न्यायालयाने नकार दिला आणि पुण्यातल्या आराशीचं सामान बदललं. पुठ्ठा, बांबू, कापड, लाकूड परत आलं. घरगुती गणपतींपुढे चिमट्यांच्या पट्ट्यांची प्रभावळ, आइस्क्रीमच्या काड्यांचं मखर दिसू लागलं. २०२० च्या टाळेबंदीत घरात कोंडलेल्या मुलांनी डब्यातले उरलेसुरले चिमटेही संपवले.

मात्र त्याच सुमारास लेसर कटिंगचे एमडीएफ बोर्ड सर्रास मिळू लागले. आता बैलगाडीचे सुटे भाग कापलेलेच येतात, एकात एक अडकवले की झालं. रुखवतही तयार मिळतं, हवं तर भाड्याने, वधूवरांची नावं कापून. ज्यांना नोकरीतून सवड नाही त्यांनी ते घ्यावं, त्यात कमीपणा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कोरे चिमटे पाकीटभर विकत आणायचे, तेही केवळ चिकटवण्यासाठी, आणि त्याला ‘टाकाऊतून’ म्हणायचं, हे थांबलं पाहिजे. नवं लाकूड घ्यायचंच, तर ते शिकण्यासाठी घ्यावं आणि तसं सांगावं.

बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांसमोर उभं राहिलं की नुसतं चिकटवणं आणि वस्तू समजून घडवणं यांतला फरक स्पष्ट होतो. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केलेल्या संग्रहात घोड्याचे, जोडप्याचे, पक्ष्यांचे अडकित्ते आहेत. दोन दांड्या आणि एक खिळा, एवढंच यंत्र. घडवणाऱ्याला ते पुरेपूर कळलेलं होतं, म्हणून सुपारी फुटते तिथेच घोड्याची मान वळते. सजावट यंत्राच्या आतून आली आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा बिनदप्तर दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहण्या-करण्यासाठी. त्यातला एक दिवस बांबूकाम करणाऱ्यांच्या बुरूड आळीत जावा, एक भवानी पेठेतल्या लाकडाच्या वखारीत. आणि एका दिवशी वर्गात प्रत्येकाला दहा चिमटे द्यावेत, सोबत चित्र देऊ नये. पहिला तास फक्त तार काढून परत बसवण्याचा. ती बसवायला अर्ध्या वर्गाला खूप वेळ लागेल, दोघा-तिघांची उडून बाकाखाली जाईल. शिक्षकांनी शोधायला वाकावं, पण बसवून देऊ नये.