'एकच प्याला' आणि अमेरिकन मद्यपानविरोधी चित्रांतील नैतिक प्रतीकव्यवस्था

प्रस्तावना : व्यसनमुक्तीच्या प्रचारात प्रतीकांचे स्थान महत्त्वाचे आहे. अमेरिकेत नथॅनियल करिअर यांनी १८४६ मध्ये छापलेले मद्यप्याच्या वाटचालीचे चित्र आणि राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते. काटोल परिसरातील अभ्यासकांना हा विषय जवळचा आहे. कारण गडकऱ्यांचे निधन नागपूर जिल्ह्यातीलच सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी झाले. त्यानंतर महिनाभरातच गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले.

प्रतीकांचे स्वरूप : करिअर यांच्या चित्रात कमानीसारख्या नऊ पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर मित्रासोबतचा एक पेला आहे, पाचवीवर मैफलीचे शिखर आणि नवव्या पायरीवर आत्महत्या. चढण आणि उतरण एकाच कमानीची असल्याने उत्कर्षाचा भास हीच अधोगतीची पूर्वतयारी ठरते. गडकऱ्यांचा सुधाकर हा बुद्धिमान वकील. सनद तात्पुरती रद्द झाल्याच्या अपमानाने तो व्याकुळ होतो आणि तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. दोन्ही कलाकृतींत दोष प्रमाणाचा नसून आरंभाचा आहे. 'एकच' या शब्दातील उपरोध हाच आहे. मात्र चित्रातील मद्यपी हा एक नमुना आहे, तर सुधाकराच्या पतनामागे दुखावलेला स्वाभिमान आहे. त्यामुळे नाटकातील नीतिबोधाला शोकात्म खोली प्राप्त होते.

स्त्रीप्रतिमा : चित्रात कमानीखाली मुलासह रडणारी स्त्री आहे, नाटकात दळण दळून संसार सावरणारी सिंधू आहे. दोघींचे दुःख पुरुषाच्या अपराधाचे माप ठरते. परंतु ते दुःख पवित्र मानल्याने प्रतिकाराचा मार्ग झाकला जातो, ही या प्रतीकव्यवस्थेची मर्यादा होय. इतिहासाने ही मर्यादा ओलांडली. अमेरिकेत १८७४ मध्ये स्त्रियांची मद्यपानविरोधी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. विदर्भात गडचिरोलीच्या दारूमुक्ती आंदोलनात स्त्रिया अग्रभागी राहिल्या आणि १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

निष्कर्ष : प्याल्याचे प्रतीक व्यक्तीला सावध करते, परंतु प्याला पुढे करणारी व्यवस्था त्यात दिसत नाही. म्हणून व्यसनमुक्तीच्या आजच्या प्रचारात सिंधूच्या अश्रूंइतकेच तिच्या निर्णयालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.