मराठवाड्याचे विद्यापीठ आणि जालना जिल्हा

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) झाली. त्यापूर्वी इथली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. दीर्घ नामांतर लढ्यानंतर 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले; छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे मूळ विद्यापीठाकडे राहिले. धाराशिवला 2004 पासून उपपरिसर आहे, तर जालना जिल्ह्यात घनसावंगीला विद्यापीठाचे मॉडेल कॉलेज आहे. अंबड किंवा भोकरदनचा विद्यार्थी गावाजवळच्या संलग्न महाविद्यालयात शिकतो. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी मात्र विद्यापीठाची असते. घर न सोडता पदवीपर्यंत पोहोचता येणे, हेच या रचनेचे मोठे देणे आहे.