साखर, शिक्का आणि ११० मिनिटं

एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. आईच्या पेट स्कॅनआधी सहा तास उपाशी ठेवलं, इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायला लावलं, फोनवरही बोलू दिलं नाही. गप्पांनी काय बिघडतं?

बिघडतं! इंजेक्शनात साखर असते. म्हणजे जवळजवळ साखरच. ग्लुकोजच्या रेणूत एका जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेला. जो स्नायू राबतो तो ती खातो. बडबड केली तर स्वरयंत्राचे स्नायू चित्रात उजळणार. खरं तर शोधायच्या असतात कर्करोगाच्या पेशी. त्या साखरेला हावरट असतात, हे शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवलं होतं.

पेशीत शिरल्यावर या साखरेची गत सरकारी कचेरीतल्या अर्जासारखी होते. पहिल्या टेबलावर फॉस्फेटचा शिक्का बसतो. दुसऱ्या टेबलावर त्रुटी निघते. पुढे जाता येत नाही आणि शिक्का बसल्यामुळे बाहेरही पडता येत नाही. साखर तिथंच साचते. मग फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन सुटतो, जरासा पुढे जातो तोच इलेक्ट्रॉन भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण एकमेकांकडे पाठ फिरवून पळतात. भोवतीच्या कड्यातले दोन शोधक काही नॅनोसेकंदांच्या आत एकदम वाजले, की घटना त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर घडली असं धरायचं. अशा लाखो रेषांतून संगणक चित्र उभं करतो.

यंत्राचं कौतुक सगळेच करतात, मला रसायनवाल्यांचं जास्त वाटतं. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. १९७६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इदो, जोआना फाउलर आणि आल्फ्रेड वुल्फ यांच्या गटानं बनवलेली ही साखर विमानानं फिलाडेल्फियाला गेली आणि अबास अलावी यांनी ती निरोगी माणसांना टोचली. गंमत म्हणजे तिथला कॅमेरा पेटचा नव्हताच, दुसऱ्या कामाचा जुळवून घेतलेला! इदो हे नाव आज किती जणांना ठाऊक असेल? परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला २००२ साली पेटबरोबर फ्लोरिन-१८ जागीच बनवणारा सायक्लोट्रॉनही आला, तो याच घड्याळापायी.

रिपोर्टमध्ये मेंदू आणि मूत्राशय उजळलेले दिसले तर दचकू नका. एक सतत साखर खातो, दुसऱ्यात ती लघवीवाटे जमते. क्षयाची गाठही कर्करोगासारखीच उजळते, म्हणून धडधाकट माणसानं ‘सगळं शरीर एकदा तपासून घेऊ’ म्हणत या यंत्रात शिरण्यात मला शहाणपण दिसत नाही.

आणि ताई, पुढच्या खेपेला आईंसाठी शाल न्या. थंडी वाजली की मानेजवळची तपकिरी चरबीसुद्धा साखर खायला लागते.