सूड, क्षमा आणि सामायिक जबाबदारी

हिंसेला ख्रिस्ती विचाराने कोणते उत्तर दिले आहे, हा ह्या व्याख्यानाचा विषय आहे. विषयाचे नाव निघताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. एका गालावर चपराक बसली असता दुसरा गाल पुढे करणारा मनुष्य, हे ते चित्र. कोणाला ते उदात्त वाटते, कोणाला भाबडे वाटते. आमच्या मते ते अपुरे आहे. त्यात मारणारा आहे आणि मार खाणारा आहे. परंतु आजूबाजूला उभे राहून पाहणारा समाज त्यात नाही. ख्रिस्ती विचाराने ह्या तिसऱ्या पक्षालाही सोडलेले नाही, हे दाखविणे हा आमचा हेतू आहे.

आरंभ मुळापासून करावा लागेल. बायबलातील पहिला खून भावाने भावाचा केलेला आहे. काईन हाबेलास ठार मारतो आणि भाऊ कोठे आहे असे विचारले असता, मी काय त्याचा राखणदार आहे, अशा अर्थाचे उलट उत्तर देतो. सामाजिक जबाबदारीचा प्रश्न येथेच, पहिल्या प्रेताशेजारी, उपस्थित झाला आहे. त्याच कथेत काईनाला कोणी ठार मारू नये म्हणून त्याच्यावर एक खूणही केली जाते. अपराध्याला शिक्षा आहे, पण त्याचा जीव कोणाही वाटसरूच्या हाती दिलेला नाही. पुढे काही पिढ्यांनी त्याच वंशातला लामेख आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो की, मला घाव करणाऱ्या एका तरुणाला मी ठार केले. काईनासाठी सातपट सूड असेल, तर माझ्यासाठी सत्त्याहत्तरपट! घावाचा बदला मृत्यूने, आणि तोही अभिमानाने. सूड कसा वाढत जातो ह्याचे इतके थोडक्यात केलेले वर्णन क्वचितच आढळेल.

ह्या पार्श्वभूमीवर मोशेच्या नियमशास्त्रातील डोळ्याला डोळा आणि दाताला दात हा नियम वाचला पाहिजे. आज आपण तो क्रौर्याचा नमुना म्हणून उद्धृत करतो. वास्तविक तो सुडावर घातलेला बांध होता. एका डोळ्याबद्दल एकच डोळा, दोन नव्हेत, आणि गावही जाळावयाचे नाही. चुकून मनुष्यवध घडलेल्याला मृताच्या नातलगांपासून निवारा मिळावा म्हणून सहा नगरे राखून ठेवण्याची आज्ञाही त्याच शास्त्रात आहे. तेथे त्याचा न्याय होईपर्यंत सूड घेणाऱ्याला थांबावे लागे. रागाला थांबावयास लावणे, हेच न्यायसंस्थेचे पहिले काम.

येशूने ह्या बांधाच्याही पलीकडे पाऊल टाकले. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे काय, असे पेत्राने विचारले, तेव्हा येशूने दिलेला आकडा लामेखाच्या आकड्याची आठवण करून देतो. लामेखाने ज्या हिशेबाने सूड वाढविला, त्याच हिशेबाने क्षमा वाढवावी, असा त्याचा रोख दिसतो. तथापि येशूची क्षमा ही झाले गेले विसरून जाण्याची सोय नव्हे. वेदीवर अर्पण वाहताना आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे तो सांगतो. जक्कय नावाचा धनाढ्य जकातदार त्याला भेटला, तेव्हा त्याने आपले अर्धे द्रव्य गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. क्षमेच्या पाठोपाठ भरपाई येते. ती नसेल तर क्षमा हा नुसता शब्द राहतो.

आता तिसऱ्या पक्षाकडे, म्हणजे समाजाकडे वळू. अनुवाद नावाच्या पुस्तकात एक चमत्कारिक विधी सांगितला आहे. रानात एखाद्याचे प्रेत सापडले आणि मारेकरी कोण हे कळले नाही, तर आसपासच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे. जे गाव सर्वांत जवळचे ठरेल, तेथील वडीलधाऱ्यांनी एक कालवड वाहत्या ओढ्याकाठी नेऊन तिची मान मोडावी, तिच्यावर हात धुवावेत, आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही असे सांगून क्षमा मागावी. यहुदी पंडितांनी ह्यावर मोठा मार्मिक प्रश्न विचारला आहे. गावाचे वडील खुनी आहेत असा संशय कोणाला होता काय? नव्हता. मग त्यांनी हात का धुवावेत? पंडित उत्तर देतात की, हा मनुष्य आमच्याकडे आला असता आम्ही त्याला उपाशी पाठविले नाही, सोबतीवाचून एकटा जाऊ दिला नाही, एवढे त्यांना सांगता आले पाहिजे. खून न करणे पुरेसे नाही; खून घडू शकेल अशी स्थिती आपण राहू दिली काय, हाही प्रश्न आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्यावाचून मोठा घोटाळा होतो. सामायिक जबाबदारी निराळी आणि सामायिक शिक्षा निराळी. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ज्यांचा त्या कृत्याशी काडीचा संबंध नव्हता अशा ब्राह्मण कुटुंबांची घरे केवळ मारेकऱ्याच्या जातीमुळे जाळण्यात आली. तुमच्यापैकी एकाने केले म्हणून तुम्ही सारे भोगा, हे सुडाचे तर्कशास्त्र. आमच्यापैकी एकाने केले, तेव्हा आमच्यात काय बिघडले होते ते आम्ही पाहू, हे जबाबदारीचे तर्कशास्त्र. वाक्ये जवळजवळ सारखी दिसतात. फरक एवढाच की पहिले दुसऱ्याकडे बोट दाखवून उच्चारले जाते आणि दुसरे स्वतःविषयी. जबाबदारी ही आपण होऊन उचलावयाची वस्तू आहे. ती दुसऱ्याच्या घरावर फेकली की तिचा पलिता होतो.

हा विचार आधुनिक राष्ट्राच्या व्यवहारात कसा उतरला, आणि कोठे अडला, हे पाहण्यासाठी दक्षिण आफ्रिकेकडे जावे लागते. तेथे अन्याय करणारेही ख्रिस्ती होते आणि सोसणाऱ्यांतही बहुसंख्य ख्रिस्तीच होते. डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने १८५७ साली काही गोऱ्या सभासदांच्या दुर्बलतेस्तव वेगळ्या उपासनेस मुभा दिली. पुढे ती सवलतच नियम बनली. १९४८ साली वर्णभेदाचे राज्य आणणारे पंतप्रधान मलान हे पूर्वी त्याच चर्चचे धर्मोपदेशक होते. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे ठार झाली. त्याच वर्षी डिसेंबरात कॉटस्लो येथे भरलेल्या चर्चांच्या परिषदेने वर्णभेदाचा आधार नाकारला. सरकारचा रोष होताच डच रिफॉर्म्ड चर्चने आपल्या प्रतिनिधींचे मत झिडकारले. बायर्स नॉडे ह्या धर्मोपदेशकाने मात्र माघार घेतली नाही. १९६३ साली त्यांनी आपले व्यासपीठ सोडले आणि १९७७ पासून सात वर्षे सरकारी बंदी सोसली.

दुसऱ्या बाजूलाही सुडाचा मोह होताच. जुलै १९८५ मध्ये डुडुझा येथे एका अंत्ययात्रेच्या वेळी पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून जमावाने एका मनुष्याला पकडले व त्याला जाळण्याची तयारी केली. बिशप डेस्मंड टुटू त्या गर्दीत शिरले आणि त्यांनी त्याचा जीव वाचविला. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या स्वकीयांना थांबविणे हे शत्रूशी लढण्याइतकेच अवघड असते. टुटू ह्यांनी दोन्ही केले, म्हणूनच पुढे त्यांच्या शब्दाला वजन आले.

१९९५ च्या कायद्याने सत्य व समेट आयोग स्थापन झाला, टुटू त्याचे अध्यक्ष झाले आणि एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन येथे जाहीर सुनावणीस आरंभ झाला. १९६० ते १९९४ ह्या काळातील अत्याचारांविषयी २१,००० हून अधिक पीडितांची निवेदने आयोगाने नोंदविली. राजकीय हेतूने गुन्हा केलेल्याने सर्व सत्य सांगितले तर त्याला माफी मिळू शकत होती. ७,११२ जणांनी अर्ज केले. ८४९ जणांना माफी मिळाली आणि ५,३९२ अर्ज फेटाळले गेले. माफीची खैरात झाली असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. स्टीव्ह बिको १९७७ साली पोलिसांच्या कोठडीतील मारहाणीने मरण पावले. त्या प्रकरणातील पोलिसांना १९९९ साली माफी नाकारण्यात आली.

बिकोंच्या कुटुंबाने ह्या कायद्यालाच न्यायालयात आव्हान दिले होते, हेही सांगितले पाहिजे. आम्हांस न्याय हवा, आमच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार राज्याला कोणी दिला, असा त्यांचा प्रश्न होता. १९९६ साली घटना न्यायालयाने कायदा वैध ठरविला. तरी नैतिक प्रश्न त्याने मिटला नाही. आमच्या मते ते कुटुंब बरोबर होते ते एवढ्यापुरते की, क्षमा ही पीडिताची मालमत्ता आहे. राज्य शिक्षा सोडू शकते, क्षमा करू शकत नाही. जे क्षमा करतात त्यांना वंदन करावे. जे करू शकत नाहीत त्यांना धर्माच्या नावाने उपदेश करू नये. सूड घेऊ नका असे पौलाने रोमकरांना बजावले. परंतु त्याच पत्रात पुढे अपराध्याला शासन करणे हे राज्यकर्त्याचे काम म्हणूनही सांगितले आहे. न्याय मागणे म्हणजे सूड मागणे नव्हे.

आयोगापुढे केवळ बंदूक चालविणारे आले नाहीत. नोव्हेंबर १९९७ मध्ये धर्मसंस्थांची वेगळी सुनावणी झाली आणि चर्चांना आपला वाटा कबूल करावा लागला. त्याआधीच, १९९० साली रुस्टेनबर्ग येथे, धर्मशास्त्राचे प्राध्यापक विली योंकर ह्यांनी वर्णभेदाच्या पापातील स्वतःचा आणि आपल्या चर्चचा दोष उघडपणे पदरी घेतला होता. ज्या चर्चने कालवडीचा तो अध्याय पिढ्यान् पिढ्या वाचला, त्याला शेवटी अंतर मोजावे लागले. आणि सर्वांत जवळचे गाव आपलेच निघाले.

पुढचा भाग मात्र निराशेचा आहे. पीडितांना सहा वर्षे दरसाल रक्कम द्यावी अशी आयोगाची शिफारस होती; २००३ साली सरकारने एकदाच ३०,००० रँड देण्याचे ठरविले. धनिकांवर विशेष कर बसविण्याची सूचना कागदावर राहिली. ज्यांना माफी मिळाली नाही त्यांच्यावर खटले भरावयाचे होते. ते बहुतांशी भरले गेले नाहीत, आणि ही दिरंगाई का झाली ह्याची चौकशी करण्यासाठी २०२५ साली नवा आयोग नेमावा लागला. जक्कयाच्या कथेतील उत्तरार्धच गळून पडला. क्षमेने वैराची आग विझते, पण जळालेले घर पुन्हा बांधले जात नाही. ते काम ज्यांना त्या व्यवस्थेचा लाभ मिळाला त्यांचे असते, आणि बहुधा तेच सर्वांत आधी सभागृहातून उठून जातात.

ह्यावरून आम्ही काय घ्यावे? सुडाला थांबविणे, सत्य उघड्यावर सांगणे, न्याय होऊ देणे, झालेले नुकसान भरून काढणे आणि आपल्या वाट्याचा दोष आपण होऊन उचलणे, ही एकाच साखळीची कडी आहेत. एखादे कडे काढून त्यालाच धर्म म्हटले की साखळी तुटते. नुसत्या क्षमेचा उपदेश बलवानांना सोयीचा पडतो. नुसत्या शिक्षेची मागणी जमावाला सोयीची पडते. आपल्या जिल्ह्यात, आपल्या पेठेत एखाद्या रात्री घर जळाले किंवा माणूस मारला गेला, तर दुसऱ्या दिवशी आपण विचारतो, कोणी केले? तो प्रश्न पोलिसांनी विचारलाच पाहिजे. पण शेजाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारावयाचा आहे: हा मनुष्य आमच्या दारावरून गेला, तेव्हा त्याच्या सोबतीला कोण होते?