पडद्याचे आयुष्य आणि प्रवाहाची रीत

मुरगाव तालुक्यात, वास्कोच्या बाजारातील मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर निकामी ओएलईडी पडदा आला की दोष बहुधा दमट, खाऱ्या हवेवर जातो, आणि पावसाळ्यात तो तर्क अगदीच निराधार नसतो. तरीही सेंद्रिय रेणूंच्या थरांतून प्रकाश देणाऱ्या या पडद्यांच्या बिघाडाच्या दोन तऱ्हा नुसत्या डोळ्यांनीही वेगळ्या ओळखता येतात. ओलावा शिरला तर वाढत जाणारे काळे ठिपके उमटतात. पण दर चौरस मीटरमागे दिवसाला ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून अधिक वाफ आत जाऊ नये इतके कडक आवरण या पडद्यांना लागते, आणि ते तडकल्याखेरीज खाऱ्या हवेचे फारसे चालत नाही. याउलट दिवसभर नकाशा उघडा ठेवणाऱ्या टॅक्सीचालकाच्या फोनवर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, वरच्या पट्टीतील चिन्हांचा मळकट पिवळसर ठसा दिसतो. तेथे पाणी पोचलेले नसते. तेवढ्याच पिक्सेलांतून इतरांहून अधिक प्रवाह वाहून गेलेला असतो आणि त्यांतील निळा घटक सर्वांआधी झिजलेला असतो. दुकानात अर्थात दोन्हींवर उपाय एकच, ‘फोल्डर’ म्हणजे पडद्याचा अख्खा संच बदलणे.

1987 साली ईस्टमन कोडक कंपनीतील चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी प्रसिद्ध केलेल्या रचनेचे मूळ तत्त्व आजही कायम आहे: धनाग्राकडून येणारी पोकळी, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, आणि ऋणाग्राकडून येणारा इलेक्ट्रॉन सेंद्रिय थरात एकत्र येतात व त्यातून सुटणारी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. थरांची एकूण जाडी 100 नॅनोमीटरच्या आसपास असल्याने 5 व्होल्टचा किरकोळ दाबही तेथे दर मीटरला सुमारे 5 कोटी व्होल्ट इतके तीव्र क्षेत्र निर्माण करतो. भारांच्या या ये-जा करण्यात काही रेणू मोडतात, आणि मोडलेले रेणू पुढच्या भारांना अडकवून ठेवतात. त्यामुळे रोध वाढतो. दाब स्थिर ठेवला तर प्रवाह घटून पडदा लवकर मंदावतो, म्हणून प्रवाह स्थिर राखून दाब हळूहळू वाढू देणे पसंत केले जाते.

मात्र सरासरी प्रवाह तेवढाच असला तरी तो कसा पोचवला जातो यावर बरेच अवलंबून असते. तेज निम्म्यावर येईपर्यंतचा काळ म्हणजे आयुष्य असे धरल्यास ते आरंभीच्या तेजाच्या साधारण दीड ते दोन घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. छोट्या उपकरणांतील 128 × 64 पिक्सेलांच्या निष्क्रिय जाळीत ओळी एकामागून एक पेटतात, प्रत्येकीला चौसष्टावा हिस्सा वेळ मिळतो, आणि डोळ्याला तेच तेज दिसावे म्हणून त्या क्षणात तिला 64 पट उजळावे लागते. उरलेला सगळा वेळ ती विसावते हे खरे. पण दीड घात धरून हिशेब केला तर अखंड, मंद पेटलेल्या ओळीच्या मानाने तिचे आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते. फोनच्या सक्रिय जाळीत प्रत्येक पिक्सेलामागचे ट्रान्झिस्टर व धारित्र पुढची चौकट येईपर्यंत प्रवाह धरून ठेवतात, म्हणून हा दंड टळतो. तेथेही पडदा मंद करण्यासाठी प्रवाह कमी करण्याऐवजी तो झपाझप चालू-बंद केला, तर थोडा दंड परत येतो. तो सोसला जातो, कारण फार कमी प्रवाहात पिक्सेलांचे रंग जुळत नाहीत.

उलट्या दाबाची गोष्ट निराळी आहे. 1996 मध्ये व्हॅन स्लाइक, चेन आणि टांग यांनी 510 कँडेला प्रति चौरस मीटर या आरंभीच्या तेजापासून सुमारे 4000 तासांचे आयुष्य नोंदवले, त्यात सुधारित थरांबरोबर प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा पालटणाऱ्या, दाबाचाही वाटा होता. उलट्या दाबाने अडकलेले भार सुटतात आणि सरकलेले आयन मागे फिरतात. मोडलेला रेणू मात्र त्याने सांधला जात नाही.

म्हणून काही पडद्यांत प्रत्येक पिक्सेलाच्या वापराचा हिशेब ठेवून झिजलेल्यांना वाढीव प्रवाह दिला जातो. ठसा त्यामुळे दिसेनासा होतो, पण आधीच थकलेला पिक्सेल आणखी वेगाने झिजतो, आणि वाढीव प्रवाहाची मर्यादा संपली की धडधाकट शेजाऱ्यांनाच मंद करून पडदा एकसारखा दाखवावा लागतो.