डास आणि झाडपाला: सव्वाशे वर्षांचा हिशेब

तिन्हीसांजेला गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कडुलिंबाचा नाहीतर निरगुडीचा ओला पाला टाकून गोठ्यात धुरी करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. डास हटत, मरत नसत. गुरांना तेवढंही पुरे होतं.

डासांना खरोखर लोळवणारी वनस्पती मात्र परदेशी निघाली. पायरेथ्रम, डाल्मेशियातलं शेवंतीच्या कुळातलं पांढरं फूल. जपानमधल्या एइचिरो उएयामा या संत्र्यांच्या व्यापाऱ्याने १८९० च्या सुमारास त्याच्या भुकटीची उदबत्ती केली. ती पाऊण तासात विझायची. उभी काडी सोडून वेटोळं करा, असं त्यांच्या पत्नी युकी यांनी सुचवलं आणि १९०२ पासून रात्रभर जळणारी बत्ती विकायला आली. आपली कासव छाप याच वेटोळ्याच्या वंशातली. पण १९४९ मध्ये फुलातल्या द्रव्याची नक्कल, अ‍ॅलेथ्रिन, प्रयोगशाळेत तयार झाली आणि पुढे बत्तीतलं फूल गेलं, नाव-रूप राहिलं.

तोवर डीडीटी आलं होतं. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. फवारणीवाले घरोघर फिरले. वर्षाला साडेसात कोटींच्या घरात असलेले रुग्ण साठच्या दशकाच्या मध्याला लाखाच्या आसपास आले. अशा वेळी झाडपाल्याकडे कोण बघणार? पुढे डास डीडीटीला सरावले, यंत्रणाही सुस्तावली, आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला.

मग कडुलिंबाची आठवण झाली. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या व्ही. पी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये निष्कर्ष मांडला: खोबरेल तेलात दोन टक्के निंबोळी तेल मिसळून उघड्या अंगाला लावलं, तर हिवतापाचे अ‍ॅनॉफिलिस डास रात्रीचे बारा तास चावत नाहीत. कुणालाही घरी करता येईल असं हे काम. मला वाटतं, त्याचा जेवढा गाजावाजा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

त्यानंतर अर्कांचं पेवच फुटलं. सीताफळाच्या बिया, तुळस, निलगिरी. काचेच्या भांड्यातल्या अळ्या चोवीस तासांत किती मेल्या, ते मोजायचं आणि निबंध छापायचा. भांड्यात मरणारी अळी गटारात मरेलच असं नाही. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होतं, गवती तेलं बघता बघता उडून जातात, आणि अर्काची ताकद झाडागणिक बदलते. शिवाय ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे: सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर इजा होते.

तेव्हा निंबोळी तेल अंगाला जरूर लावा. अळ्यांसाठी त्याच्यावर विसंबू नका. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्याच साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पिंप, कूलर आणि कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून कोरड्या करा.