लहान मुलाला तापात आकडी आली तर? पहिली पाच मिनिटे आणि त्यानंतरचे निर्णय

चांगले खेळते मूल तापते, डोळे फिरवते, हातपाय ताठ करते आणि झटके देऊ लागते. घरात रडारड सुरू होते. कोणी कांदा फोडतो, कोणी दाताखाली चमचा सरकवतो, कोणी मुलाला खांद्यावर टाकून मोटारसायकलला किक मारतो. मुलाला खरी गरज असते ती यापेक्षा वेगळ्या आणि बऱ्याच सोप्या गोष्टींची. आकडी म्हणजे काय, त्या वेळी काय करायचे आणि सातारा-सांगली परिसरातील पालकांनी पुढे कुठे जायचे, याचा हा आढावा.

तापातली आकडी म्हणजे नेमके काय?

मेंदूतील पेशी एकमेकींशी अतिशय सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलत असतात. काही क्षण हे संदेश एकदम आणि अनियंत्रित सुटले की झटका येतो. लहान मुलांचा मेंदू वाढीच्या अवस्थेत असल्याने काहींना अंगात ताप चढतानाच असा झटका येतो. गावाकडे त्याला आकडी, फिट किंवा फेफरे म्हणतात.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात १०० पैकी साधारण दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते. दीड वर्षाच्या आसपास प्रमाण सर्वाधिक असते. घरात आई, वडील किंवा भावंडाला लहानपणी असा त्रास झाला असेल, तर शक्यता वाढते. सर्दी-खोकला, घसा, कान यांचा साधा विषाणूजन्य ताप हेच बहुतेक वेळा कारण असते. अनेकदा आकडी तापाच्या पहिल्याच दिवशी येते. काही घरांत तर मुलाला ताप आहे हेच आकडीनंतर कळते. त्यामुळे ‘आपले लक्ष नव्हते म्हणून झाले’ असे स्वतःला लावून घेण्याचे कारण नाही.

त्या क्षणी काय करायचे?

- घड्याळ पाहा. आकडी कधी सुरू झाली हे लक्षात ठेवा. बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. पण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही अर्ध्या तासासारखी वाटतात.
- मुलाला खाली सपाट जागी, एका कुशीवर झोपवा. लाळ किंवा उलटी बाहेर येईल आणि श्वासनलिकेत जाणार नाही.
- आजूबाजूची भांडी, विळी, चूल, खाटेची कड यापासून दूर ठेवा. गळ्याजवळचे कपडे, काळा दोरा, कानटोपी सैल करा.
- घरात दुसरे कोणी असेल, तर त्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. दोन्ही हातपाय हलत होते की एकच बाजू, डोळे कुठे वळले होते, हे डॉक्टरांना त्यावरून नेमके कळते.
- आकडी थांबल्यावर मूल सुस्त होते, झोपते, किरकिरते. साधारण अर्धा-एक तास असे चालते. तोवर कुशीवरच ठेवा आणि श्वासाकडे लक्ष द्या.

काय करायचे नाही?

तोंडात चमचा, बोट, कापड काहीही घालू नका. जीभ गिळली जाते हा समज खोटा आहे. दात तुटणे, बोट चावले जाणे किंवा तुकडा घशात जाणे हे धोके मात्र खरे आहेत. हातपाय दाबून धरू नका. पाणी, दूध, तापाचे औषध यातले काहीही मूल पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडाने देऊ नका. थंड पाण्याची अंघोळ घालू नका.

कांदा किंवा चप्पल हुंगवणे, हातात लोखंडी किल्ली देणे याने आकडी थांबत नाही. ती तिच्या वेळेने थांबते आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते. या उपायांत हरवतात ती मिनिटे.

एक इशारा खास लक्षात ठेवण्यासारखा आहे. कापूर आणि निलगिरीचे तेल ही सर्दीवर घरोघरी वापरली जाणारी औषधे लहान मुलाच्या पोटात गेली, तर त्यांनीच आकडी येऊ शकते. देवघरातला कापूर आणि तेलाची बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ती पोटात गेल्याची शंका असेल, तर डब्यासह दवाखान्यात जा.

रुग्णवाहिका कधी बोलवायची?

पुढीलपैकी काहीही दिसले, तर १०८ क्रमांकावर फोन करा. ही सेवा राज्यात मोफत आहे.

- आकडी पाच मिनिटांहून जास्त चालली
- थांबून पुन्हा आली आणि मधल्या काळात मूल शुद्धीवर आले नाही
- ओठ, चेहरा निळा पडला किंवा थांबल्यानंतरही श्वास नीट सुरू झाला नाही
- डोक्याला मार लागल्यानंतर किंवा काही विषारी पोटात गेल्यानंतर आकडी आली

फोनवर गाव, तालुका आणि जवळची ठळक खूण सांगा: शाळा, मंदिर, कारखान्याचा फाटा. ‘मुलाला आकडी आली आहे, इतकी मिनिटे झाली’ हे वाक्य आधी सांगा. पाटण, जावळीच्या डोंगरातल्या वाड्या, शिराळ्याचा पश्चिम भाग किंवा जतची दूरची गावे येथे वाहन पोहोचायला वेळ लागू शकतो. आकडी सुरूच असेल, तर साताऱ्याचे, मिरजेचे मोठे रुग्णालय गाठायच्या नादात वाटेतले प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय मागे टाकू नका. झटका थांबवणारे औषध जितके लवकर मिळेल तितके चांगले. खासगी गाडीने निघाल्यास मूल मांडीवर कुशीवर ठेवा. झटके चालू असताना दुचाकीवर दोघांच्या मध्ये दाबून नेणे टाळा.

ऊसतोडीच्या हंगामात दोन्ही जिल्ह्यांत हजारो कुटुंबे कारखान्यांजवळ आणि फडाशेजारी कोप्यांत राहतात. तान्ही मुले तिथेच असतात आणि गावाचे नावही अनेकांना नवीन असते. आपण सध्या कोणत्या गावाच्या शिवारात आहोत आणि जवळचे आरोग्य केंद्र कोणते, हे मुकादमाला किंवा आशाताईंना विचारून आधीच फोनमध्ये नोंदवून ठेवणे उपयोगाचे ठरेल.

आकडी थांबली, मूल हसते आहे. तरी डॉक्टरांकडे जायचे का?

पहिली आकडी असेल तर हो, त्याच दिवशी. कारण तापासोबत आकडी येण्याची काही गंभीर कारणेही असतात: मेंदूच्या आवरणाचा दाह, मेंदूज्वर, जुलाबांमुळे क्षारांचे प्रमाण बिघडणे, रक्तातील साखर उतरणे. मान ताठ होणे, सतत उलट्या, टाळू फुगणे, मूल तासाभरानंतरही नीट जागे न होणे, अंगावर दाबूनही न जाणारे जांभळट डाग ही लक्षणे दिसल्यास थांबू नका. वय सहा महिन्यांपेक्षा कमी असेल, ताप नसताना आकडी आली असेल किंवा शरीराच्या एकाच बाजूला झटके आले असतील, तर तपासणी अधिक बारकाईने करावी लागते.

एमआरआय, ईईजी करावेच लागते का?

झटका पूर्ण शरीराला आला, १५ मिनिटांच्या आत थांबला आणि २४ तासांत पुन्हा आला नाही, तर त्याला साधी तापाची आकडी म्हणतात. अशा वेळी मूल नंतर ठीक असेल, तर ईईजी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयची नेहमीसाठी गरज नसते, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. तपासणी कमी सांगितली म्हणजे डॉक्टरांनी दुर्लक्ष केले, असा अर्थ काढू नये. ताप कशामुळे आला हे शोधणे अधिक महत्त्वाचे असते.

पुन्हा येईल का? मेंदूवर परिणाम होईल का?

साधारण तीनपैकी एका मुलाला पुढच्या एखाद्या तापात आकडी पुन्हा येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल, तर शक्यता थोडी जास्त असते. बहुतेक मुलांचा हा त्रास पाच-सहा वर्षांपर्यंत संपतो.

साध्या आकडीने बुद्धी कमी होत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल १९७० मधील एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा पाठपुरावा झाला. त्यात तापाची आकडी येऊन गेलेली मुले दहाव्या वर्षी बुद्धी आणि वर्तनात इतर मुलांच्या बरोबरीचीच आढळली. पुढे अपस्मार होण्याची शक्यता साध्या आकडीनंतर १०० पैकी एक-दोन मुलांत असते. इतर मुलांपेक्षा ती किंचितच जास्त आहे.

ताप आला की लगेच औषध दिले तर आकडी टळते का?

पॅरासिटामॉलने मुलाला आराम मिळतो, पण आकडी टळतेच असे अभ्यासांत दिसलेले नाही. म्हणून रात्रभर दर अर्ध्या तासाला थर्मामीटर लावून बसण्याची गरज नाही. औषध वजनानुसार द्या. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, तर सिरपमध्ये पाच मिलिलीटरला १२५ किंवा २५०. थेंब चमच्याने दिले, तर मात्रा कित्येक पट होते. लेबल वाचा, डॉक्टरांकडून मिलिलीटरमध्ये लिहून घ्या.

वारंवार किंवा लांबलेली आकडी येणाऱ्या मुलांसाठी डॉक्टर नाकात फवारायचे मिडाझोलम घरी ठेवायला सांगतात. ते केव्हा आणि किती फवारायचे, हे दवाखान्यातच करून दाखवायला सांगा. आजी-आजोबा आणि अंगणवाडीताईंनाही ते शिकवा.

लस थांबवायची का, हा प्रश्नही येतो. लसीनंतर ताप येऊ शकतो, पण पूर्वी आकडी आली होती एवढ्या कारणाने लसीकरण थांबवायचे नसते. गोवराची लस टाळून गोवर ओढवून घेणे अधिक धोक्याचे. लसीच्या दिवशी डॉक्टरांना किंवा सिस्टरना आधीची माहिती द्या.

मदत कुठे मिळेल?

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही सरकारी ठिकाणे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीसाठी येतात. त्यांच्या आजारांच्या यादीत आकडीचा समावेश आहे. पथकापासून हे लपवू नका; पुढील तपासणीची वाट तिथूनच मोकळी होते.

‘कोणाला सांगू नका’ या सल्ल्याचे काय?

मुलगी असेल, तर हा सल्ला हमखास मिळतो: लग्नात अडचण येईल. तापातली आकडी हा अपस्मार नाही. आणि अपस्मार असला, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधोपचाराने ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहाच्या पात्रतेतील अट होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. कायद्याने सोडलेली गोष्ट घराने धरून ठेवू नये.

लपवण्याची किंमत मूलच मोजते. अंगणवाडीताईंना माहीत नसेल, तर पुढच्या वेळी त्या चमचाच शोधतील. म्हणून आजच घरातल्या सगळ्यांना तीन गोष्टी सांगून ठेवा: कुशीवर झोपवायचे, तोंडात काही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे. पाच मिनिटे झाली की १०८.